रात्री दीडच्या येरझाऱ्या

रात्रीचा दीड वाजलाय. हॉलमधून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीतून परत हॉलमध्ये चपला फटफटतायत. ‘अहो, पडा ना आता,’ आजी आतून म्हणतात. ‘पडलो की पाय वळवळतात.’ नेमकं काय होतं, हे कंपवात झालेल्या आजोबांना धड सांगता येत नाही. दुखत नाही, पण पोटरीच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं होतं आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. चार पावलं टाकली की थांबतं, पाठ टेकली की पुन्हा सुरू. आजी काशाची वाटी घेऊन तळपाय घासून देतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तो मनाचा खेळ नसतो. चोळण्यानं, चालण्यानं ही शिवशिव खरोखरच दबते.

टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं १६७२ मध्येच हे वर्णन करून ठेवलं होतं. ‘अस्वस्थ पाय’ हे नाव मात्र स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ मध्ये दिलं. विसाव्यात वाढणं, हालचालीनं कमी होणं आणि संध्याकाळनंतर जोर धरणं, या याच्या खुणा.

तक्रार पायाची असली तरी गडबड मेंदूत असते. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर भाग आहे. डोपामिन हे हालचालींचे निरोप पोचवणारं मेंदूतलं रसायन तयार करणाऱ्या तिथल्या पेशी मरत जातात, तो पार्किन्सन्स, म्हणजेच आपला कंपवात. डोपामिन बनवणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं. अस्वस्थ पायांच्या रुग्णांत या भागात लोह कमी सापडतं, तर पार्किन्सन्समध्ये त्याच जागी ते जास्त साठलेलं दिसतं! तरीही डोपामिनची औषधं दोन्हीकडे आराम देतात. मग ही सख्खी भावंडं की नुसते शेजारी? वाद मिटलेला नाही. माझा कल शेजाऱ्यांकडे आहे.

म्हणून पार्किन्सन्सच्या माणसाचे पाय वळवळतात म्हटल्यावर मी आधी घड्याळ बघायला सांगेन. लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत डोपामिन होणाऱ्या कंपवाताच्या औषधाची, शेवटची गोळी रात्री आठला घेतली, तर दोन वाजेपर्यंत तिचा असर उतरलेला असतो. तेव्हा कूस बदलता येत नाही, पहाटे पायाची बोटं आत वळून पेटका येतो. हे अस्वस्थ पाय नव्हेत, गोळी संपल्याची खूण आहे. दिवसाढवळ्याही एका जागी बसवत नसेल, सगळं अंगच अस्वस्थ होत असेल, तर ते आणखी तिसरंच. तिन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि पाय किती वाजता सुरू झाले, एवढं कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तेही तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. साठा ७५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या आत असेल, तर अस्वस्थ पायांसाठी डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. इथे एक खोच आहे. लोह पोटात लेव्होडोपाला धरून ठेवतं आणि गोळी नीट शोषली जात नाही. पायासाठी घेतलेल्या लोहानं हाताची थरथर वाढली, असं व्हायला नको, म्हणून दोन्हींत दोन-एक तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. ही अट आपल्याकडे सगळ्यात अवघड!

डोपामिनचं औषध वाढवत नेलं की सुटलो, असंही नाही. काही महिन्यांनी, वर्षांनी तेच उलटू शकतं. रात्री दहाला सुरू होणारी वळवळ संध्याकाळी सहालाच येऊन बसते, कधी हातांपर्यंत चढते. अशा वेळी आपल्या मनानं आणखी अर्धी गोळी घेणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

आणि सर्दीसाठी घरात पडलेली, गुंगी आणणारी जुनी गोळी ‘झोप तरी लागेल’ म्हणून देऊ नये. तिच्यानं पाय जास्तच वळवळू शकतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड तर डोपामिनचाच रस्ता अडवतं, म्हणजे पायही बिघडतात आणि कंपवातही.