मानुएल वासालो ई सिल्व्हा

मानुएल अंतोनियो वासालो ई सिल्व्हा (८ नोव्हेंबर १८९९ – ११ ऑगस्ट १९८५) म्हणजे गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला, तेव्हापासून व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची जी रांग लागली ती ह्याच्यापाशी येऊन संपली, १२८वा धरतात त्याला. आपल्याकडे वासालो डी सिल्वा, व्हसालो द सिल्व्हा असं काहीही लिहिलेलं सापडतं, माणूस हाच.

जन्म पोर्तुगालमधल्या तोरिश नोव्हाश गावचा. शिकून लष्करात इंजिनिअर झाला, म्हणजे मुळात रस्ते-पूल-बांधकामातला माणूस. सख्खी बहीण मारिया लामाश, तिकडची मोठी लेखिका, बायकांच्या हक्कांसाठी लढणारी आणि सालाझारच्या हुकूमशाहीच्या उघड विरोधात. एकाच घरातली ही दोघं, बहीण सरकारच्या विरोधात आणि भाऊ त्याच सरकारचा अधिकारी, हे त्याच्याबद्दल वाचताना लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

१९५८ मध्ये आधीचा गव्हर्नर जनरल पाउलो बेनार गेदिश पायउतार झाला आणि त्याच्या जागी वासालो आला. तोवर गोव्यातलं वातावरण पार बिघडलेलं होतं, १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवरच्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या होत्या, गोवा मुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे पकडले गेले होते, भारताने आर्थिक नाकेबंदी केली होती, आणि लिस्बनमध्ये सालाझार एकच धरून बसला होता की गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच एक भाग आहे. वासालोच्या काळातही कारभार तोच, राजकीय पोलीस तेच, तुरुंग तेच. त्याच्याबद्दल पुढे जे चांगलं लिहिलंय ते वाचताना हे विसरून चालणार नाही, रानड्यांना तर लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटायला १९६९ साल उजाडावं लागलं.

खरी परीक्षा १९६१ च्या शेवटी. नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून साबरमती नावाच्या भारतीय बोटीवर गोळीबार झाला आणि मग सीमेवर भारतीय सैन्य जमायला लागलं. गोव्यात त्याच्याकडे साधारण ३,३०० सैनिक, लढाऊ विमान एकही नाही, मोठी म्हणावी अशी युद्धनौका एकच, आफोन्सो द अल्बुकर्क, तीही १९३० च्या दशकातली. डिसेंबरच्या सुरुवातीला तिमोरहून लिस्बनला जाणारं 'इंडिया' नावाचं जहाज मुरगावला लागलं. ह्यावर कोणाला चढू द्यायचं नाही असा वरून हुकूम होता, पण त्याने साधारण ७०० युरोपियन नागरिकांना, त्यात बायकापोरं पण आली, त्यावरून जाऊ दिलं, जहाजाची क्षमता होती ३८० ची. हुकूम मोडायला त्याने इथूनच सुरुवात केली.

१४ डिसेंबरला सालाझारचा संदेश आला. त्याचा अर्थ सरळ होता, युद्धबंदी नाही, शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एकतर जिंकतील नाहीतर मरतील, आणि निदान आठ दिवस तरी टिकून राहा म्हणजे तेवढ्यात बाहेरच्या देशांकडून दबाव आणता येईल. आता ज्याला लष्करातलं थोडंफार कळतं त्याला हे दिसत होतं की आठ दिवस सोडा, दोन दिवस निघणं कठीण. इकडून स्वातंत्र्यवाद्यांच्या गुप्त रेडिओवरून, जो लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई चालवत होते, वासालोला शरण येण्याचं आवाहनही गेलं.

१८ डिसेंबरला ऑपरेशन विजय, म्हणजे गोवा सोडवायची भारताची लष्करी कारवाई, सुरू झालं. दाबोळीची धावपट्टी बॉम्बने उखडली, आफोन्सो द अल्बुकर्क लढली आणि तिचा कप्तान जबर जखमी झाला. मागे हटताना पोर्तुगीजांनी बोरी, बाणस्तारीसारखे पूल उडवले, म्हणजे जो माणूस आयुष्यभर बांधकामात होता त्याच्याच हाताखाली पूल पाडले गेले. १९ तारखेला सकाळी भारताची सगतसिंगांच्या हाताखालची पॅरा ब्रिगेड पणजीत शिरली, वासालो तोवर वास्को-मुरगावच्या बाजूला सरकला होता. त्याच रात्री साडेआठच्या सुमारास वास्कोत, गाड्यांच्या हेडलाइटच्या उजेडात, ब्रिगेडियर ढिल्लन यांच्यापुढे त्याने शरणागती लिहून दिली. ४५१ वर्षांची सत्ता दीडेक दिवसात संपली, दोन्हीकडची मिळून माणसं गेली ती पन्नासेक. लढा शेवटच्या माणसापर्यंत नेला असता तर पणजीचं, वास्कोचं आणि जुन्या गोव्यातल्या चर्चेसचं काय झालं असतं, ह्याचा विचार केला की त्या एका सहीचं वजन कळतं. गोवा सोडवला तो गोवेकरांनी, सत्याग्रहींनी आणि भारतीय जवानांनी, ह्यात शंकाच नको, पण तो धड राहिला ह्यात ह्या माणसाचाही वाटा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचे महिने सैनिकांसोबत युद्धकैदेत. मे १९६२ मध्ये कराचीमार्गे सगळे परत पाठवले गेले, पण घरी स्वागत कुठलं, उतरले तर समोर लष्करी पोलीस. जिवंत परत आले हाच गुन्हा. मार्च १९६३ मध्ये वासालोला आणि आणखी काही अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकलं, साठी ओलांडलेला माणूस, चाळीसेक वर्षांची नोकरी अशी पुसून टाकली.

२५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही गेली, तेव्हा कुठे त्याचा हुद्दा आणि मान परत मिळाला. १९८० मध्ये तो पुन्हा गोव्याला आला, ह्या वेळी पाहुणा म्हणून, आणि ज्या लोकांवर त्याने राज्य केलं होतं त्यांनीच त्याचं प्रेमाने स्वागत केलं. पाच वर्षांनी तो लिस्बनमध्ये वारला.