खांदा भरून येतो तो कशामुळे?

मार्च जवळ आला की सांगलीत दोन घाया एकदम सुरू होतात. मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात येतात आणि बँका, पतसंस्था, सीएंची ऑफिसं, साखर कारखान्यांचे हिशोब विभाग वर्षअखेरच्या कामाला जुंपतात. याच दिवसांत ‘मान आखडलीय’, ‘खांदा भरून आलाय’, ‘पाठ धरलीय’ अशा तक्रारी जास्त कानावर येतात. घरचे लगेच सांगतात, पोक काढून बसतोस म्हणून दुखतंय, ताठ बस. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजलं तर उपाय बराच सोपा होतो.

पोक काढण्याचा परिणाम आधी पाहू. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. ते मानेवर नीट तोललेलं असलं की मागच्या स्नायूंना फार ओढ बसत नाही. भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई लांबवर चालत जाते, पण तीच हात लांब करून धरली तर मिनिटभरात हात थरथरू लागतो. स्क्रीनकडे झुकून हनुवटी पुढे गेली की मानेचं हेच होतं. मान ६० अंश वाकवली की तिच्यावर २७ किलोंचा भार येतो, असं मोबाइलवर सारखं फिरत असतं. तो आकडा २०१४ साली एका अमेरिकी शल्यविशारदाने संगणकावरच्या प्रतिकृतीवरून काढला होता, कुणाच्या मानेत मोजलेला नव्हे. त्याने घाबरून जाऊ नये.

कारण भार हे दुखण्याचं एकच कारण नाही. टायपिंग करताना खांद्याचा स्नायू आपल्या ताकदीचा अगदी थोडा हिस्सा वापरतो. मग एवढ्या हलक्या कामाने तो दुखतो कसा? कवटीच्या मागून निघून खांद्यापर्यंत आणि पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या या स्नायूला ट्रॅपेझियस म्हणतात. त्यातले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. हलक्या कामासाठी ठरावीक लहान तंतू आधी जागे होतात आणि स्नायू पूर्ण सैल पडेपर्यंत तेच राबत राहतात. जोर वाढला तर मोठे तंतू मदतीला येतात, पण लहानांची सुटका होत नाही. हात माऊसवर तरंगत ठेवून तीन तास बसलं तर या मोजक्या तंतूंना तीन तास विसावाच मिळत नाही. स्वीडनच्या गोरान हेग यांनी १९९१ साली ही कल्पना मांडली आणि आधी उठून शेवटी झोपणाऱ्या या तंतूंना परीकथेतल्या, घरभर राबणाऱ्या सिंड्रेलाचं नाव दिलं. हे अजून गृहीतकच आहे, पण त्याला आधार देणारी निरीक्षणं आहेत. नॉर्वेत पॅकिंगचं हलकं काम करणाऱ्या बायकांच्या स्नायूंची विद्युत नोंद घेतली, तेव्हा ज्यांच्या स्नायूला क्षणभराचे विसावे कमी मिळत होते त्यांना दुखणं अधिक जडलेलं दिसलं. मन ताणात असलं तरी हा स्नायू नकळत आवळला जातो. ३१ मार्चची तारीख खांद्यात उतरते ती अशी.

जुन्या अडत दुकानातले दिवाणजी गादीवर, बसक्या मेजावर वाकूनच लिहीत. पण खतावणी काढायला, माल बघायला, पावती द्यायला त्यांना सारखं उठावं लागे. आज तेवढी सगळी कामं एका माऊसवर होतात. बसण्याची रीत बदलली त्याहून हे उठणं बंद झालं, हा मला मोठा बदल वाटतो.

कमरेची गोष्ट थोडी वेगळी आहे. दोन मणक्यांमधल्या चकतीला मोठेपणी जवळजवळ रक्तपुरवठाच नसतो. तिला लागणारं पोषण आजूबाजूच्या हाडातून झिरपत येतं. दिवसभराच्या दाबाने तिच्यातलं पाणी कमी होतं आणि रात्री पुन्हा भरतं, म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त असते. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला आणि ‘बसणं वाईट’ हे सगळीकडे रुजलं. १९९९ साली जर्मनीत एका माणसाच्या चकतीत संवेदक बसवून पुन्हा मोजणी झाली, तेव्हा सैल बसल्यावरचा दाब उभ्यापेक्षा जास्त नव्हता. एकाच माणसावरची नोंद, तिचा फार ताणून अर्थ लावू नये. पण ताठ बसण्याचा हट्ट धरावा एवढा पुरावा नाही, हे नक्की. लष्करी ताठपणासुद्धा तासभर टिकवला की दुखतोच.

एमआरआयमध्ये ‘चकती झिजलीय’ किंवा ‘गॅप आहे’ असं ऐकून माणसं खचतात. त्यांना २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यातला आकडा सांगावासा वाटतो: काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या चकत्यांत झीज दिसते. विशीतही ३७ टक्क्यांत. फोटोतली झीज आणि तुमचं दुखणं यांचा संबंध असेलच असं नाही.

काही लक्षणं मात्र अंगावर काढू नयेत. पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पडल्यानंतरची पाठदुखी, पाठदुखीसोबत ताप किंवा उगाच घटणारं वजन. डावा खांदा किंवा हात दुखत असताना छातीत दडपण आणि घाम आला, तर ते खुर्चीचं दुखणं समजून शेकत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी टेबलापासून सुरुवात करावी. माऊस कीबोर्डला चिकटून ठेवा, कोपर अंगाजवळ राहू द्या, हाताला टेबलाचा आधार द्या. लॅपटॉपखाली दोन जाड फायली ठेवून वेगळा कीबोर्ड जोडा. बायफोकल चष्मा असलेल्यांनी स्क्रीन थोडी खाली घ्यावी, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी सारखी वर जाते. बाजारभावाचे फोन खांद्यात दाबून घेणं आजच सोडा. दर अर्ध्या तासाने उठा, पाण्याची बाटली लांब ठेवा, आणि मधूनमधून हात मांडीवर सोडून खांदे पूर्ण सैल पाडा. दुखतंय म्हणून दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहू नका. त्याने पाठ अधिक आखडते.

सगळ्यात जास्त भरवसा मला व्यायामावर आहे. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ कर्मचाऱ्यांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याचे पाच दिवस, रोज फक्त दोन मिनिटांच्या व्यायामाने दहा आठवड्यांत दुखणं स्पष्ट कमी झालं. रबरी पट्टा पायाखाली दाबून दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे, एवढाच तो व्यायाम. पट्टा नसेल तर अर्धा लिटरच्या दोन बाटल्या चालतील. पहिले काही दिवस खांदे थोडे अवघडतील, तेव्हा बाटलीतलं पाणी कमी करा, पण व्यायाम मोडू नका. सोपं वाटू लागलं की वजन वाढवा.