मृत्यूची वेळ आणि मराठवाड्याचं ऊन

विहिरीत मृतदेह सापडतो, पंचनामा होतो, पीएम म्हणजे शवविच्छेदन होतं. पुढे कोर्टात वकील विचारतात, ‘डॉक्टर, मृत्यू नेमका किती वाजता झाला?’ डॉक्टर ‘अमुक ते तमुक तासांपूर्वी’ एवढंच सांगतात आणि ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. खरं तर दोनशे वर्षांच्या अभ्यासानंतरही याहून बारीक उत्तर प्रामाणिकपणे देता येत नाही.

पहिला मार्ग थर्मामीटरचा: मृत शरीर हळूहळू थंड होतं, त्यावरून वेळ काढायची. ब्रिटिश लष्करी डॉक्टर जॉन डेव्ही यांनी मृत सैनिकांच्या तापमानाच्या नोंदी १८३९ मध्ये छापल्या. १८६८ मध्ये ग्लासगोच्या हॅरी रेनी यांनी त्याला गणिताची जोड दिली, आणि १९८८ मध्ये जर्मनीच्या हेन्सगे यांनी वजन, कपडे, हवा धरून वापरायला सोपा आलेख मांडला. पण या साऱ्यात हवा शरीरापेक्षा थंड आहे, हे गृहीत धरलेलं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार गेला की पत्र्याच्या खोलीतलं शरीर थंड होणारच कसं? उलट ते तापतं.

मग ताठरपणा बघायचा. तो चेहऱ्याकडून खाली उतरतो, हे फ्रान्सच्या निस्टन यांनी १८११ मध्येच सांगितलं होतं. स्नायूंना ऊर्जा देणारा एटीपी हा रेणू संपला की ते आखडतात, हा उलगडा मात्र १९४० च्या दशकातला. ही रासायनिक क्रियाच असल्याने उष्णतेत ती लवकर सुरू होते आणि लवकर ओसरते. १९२० मध्ये प्रथम निघालेलं डॉ. जयसिंग मोदींचं न्यायवैद्यकाचं पुस्तक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. उत्तर भारतात हा ताठरपणा हिवाळ्यात २४ ते ४८ तास, उन्हाळ्यात १८ ते ३६ तास टिकतो, असं ते सांगतं. एकाच प्रदेशात, नुसत्या ऋतूने एवढा फरक!

मृत्यूनंतर पेशी विरघळण्याचंही तसंच. स्वादुपिंड स्वतःच्याच पाचकरसाने लवकर विरघळतं. पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी आणि गर्भ नसलेलं गर्भाशय सगळ्यांत शेवटी. हा क्रम सहसा बदलत नाही, वेग बदलतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी बघून तासांचा हिशेब सांगणं अवघडच. पोटाच्या उजव्या खालच्या भागातला, कुजण्याची खूण असलेला हिरवट डाग आपल्या उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत दिसतो, हिवाळ्यात एक-दोन दिवसांनी.

विहिरीचं पाणी वेगळा घोळ घालतं. बर्लिनचे डॉक्टर कास्पर यांचं कुजण्याबाबतचं जुनं सूत्र असं: हवेतला एक आठवडा म्हणजे पाण्यातले दोन, जमिनीतले आठ. खोल विहिरीच्या गार पाण्यात शरीर टिकतं. पण बाहेर काढून टेम्पोतून रुग्णालयात नेईपर्यंत उन्हात ते झपाट्याने कुजतं. त्यामुळे पीएमच्या टेबलावर दिसणारे बदल पाण्यात किती झाले आणि वाटेत किती, हा प्रश्न उरतोच.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात मेडिकल कॉलेज नव्हतं. औरंगाबादचं १९५६ मध्ये सुरू झालं. आज डॉक्टर आहेत, प्रयोगशाळाही आहे. तरी मृतदेह कुठे होता, सावलीत की उन्हात, तिथली हवा आणि पाणी किती गरम, बाहेर किती वाजता काढला, एवढं पंचनाम्यात लिहिलं तर डॉक्टरांचे निम्मे अंदाज वाचतील.