भूपातला निषाद कुठून आला?

दादरला आमच्या इमारतीत दर गुरुवारी भजन असते. मागे एकदा भूप रागातला अभंग चालू असताना कॉलेजात जाणारा एक मुलगा कीबोर्डवर कॉर्ड धरून साथीला बसला. पहिली ओळ छान रंगली, दुसऱ्या ओळीत गायक पंचमावर थांबले आणि पेटीवाले काका मान वर करून म्हणाले, "अरे, हा निषाद कुठून आणलास?" मुलगा गोंधळला, कारण निषाद, म्हणजे नी, असा वेगळा त्याने वाजवलाच नव्हता. त्याने पंचमाची कॉर्ड धरली होती आणि निषाद तिच्या पोटात होता.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. सप्तकातला कोणताही स्वर घ्यावा, पुढचा एकेक स्वर सोडत आणखी दोन घ्यावेत, की साधी कॉर्ड तयार होते: सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नी आणि याच क्रमाने पुढे. बिलावल थाटाचे (थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठीचा सात स्वरांचा संच) सात शुद्ध स्वर घेतले तर सा, म आणि प यांवर मेजर कॉर्ड मिळते, रे, ग आणि ध यांवर मायनर, तर निषादावर डिमिनिश्ड; ही नावे कॉर्डमधल्या स्वरांच्या अंतरांवरून पडतात.

सप्तक आणि कॉर्ड यांचे नाते मात्र कीबोर्डच्या कितीतरी आधीचे आहे आणि ते ऐकायचे तर तंबोऱ्याजवळ बसावे. खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची (सा), तार नीट जुळली की, कोणीही न लावलेला गंधार तिच्यातून उमटतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तार जशी अखंड कंप पावते, तशीच ती दोन, तीन, चार, पाच, सहा भागांतही कंप पावत असते. चार भागांतल्या कंपनाचा स्वर षड्ज, पाच भागांतल्याचा गंधार आणि सहा भागांतल्याचा पंचम. म्हणजे 4:5:6 या प्रमाणातली सा-ग-प ही मेजर कॉर्ड एकाच तारेत दडलेली असते. आता हेच प्रमाण मध्यम, षड्ज आणि पंचम या तीन स्वरांवर मांडून पाहावे: म-ध-सा, सा-ग-प, प-नी-रे. सातही शुद्ध स्वर हाती आले! मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: कॉर्डची घडी उलगडली की सप्तक दिसते.

हिशेब मात्र पुरता जुळत नाही. अशा रीतीने मिळालेल्या रिषभ आणि धैवत यांच्यातले प्रमाण 27:40 येते. ते षड्ज-पंचमासारखे 2:3 असायचे तर 27:40.5 हवे होते. कुठूनही सुरुवात करता यावी म्हणून कीबोर्डवर आणि आजच्या बहुतेक पेट्यांवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, आणि त्याची किंमत गंधार मोजतो. मध्य सप्तकातली पांढरी एक (261.6 हर्ट्झ) षड्ज मानली तर नैसर्गिक गंधार सुमारे 327 हर्ट्झवर येतो, पट्टी मात्र 329.6 हर्ट्झचा स्वर देते. षड्ज आणि गंधार या दोन पट्ट्या एकत्र दाबून शांतपणे ऐकले तर सेकंदाला सुमारे दहा आंदोलने, म्हणजे आवाजाचे चढउतार, जाणवतात. गवयांची पेटीबद्दलची जुनी तक्रार हा हट्ट नव्हता.

शास्त्राचा उपयोग इथे कळतो. वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेल्या आणि वकिली केलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी राग दहा थाटांत मांडले, ते गवयांना गाणे शिकवण्यासाठी नव्हे. जे गायले जात होते त्याची संगती लावण्यासाठी. भूप त्यांनी कल्याण थाटात ठेवला, जरी कल्याणाची ओळख असलेला मध्यमच त्यात नाही. मध्यम नाही आणि निषादही नाही. उरतात सा, रे, ग, प, ध. या पाच स्वरांत पूर्ण कॉर्ड दोनच बसतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. पंचमाची कॉर्ड वाजवली की निषाद येणारच, आणि त्याच्याबरोबर भूपाचा चेहरा बदलणार.

काकांनी त्या मुलाला हेच पाच स्वर पेटीवर एकेक करून दाखवले. पुढच्या गुरुवारी तोच अभंग झाला. गायक पंचमावर थांबले तेव्हा त्याने मधले बोट उचलून फक्त पंचम आणि वरचा रिषभ धरला.