पार्श्वभूमी : स्क्रीनवर बसलेली वायर आणि खोलीबाहेरचा नेता

२००६ मध्ये एअरबस या युरोपीय कंपनीच्या ए३८० या प्रवासी विमानाच्या वायरिंगचा घोळ जगासमोर आला. हॅम्बुर्गहून आलेल्या वायरच्या जुड्या टुलूझच्या कारखान्यात सांगाड्यात बसवायला घेतल्या, तर त्या पुऱ्याच पडेनात. एका विमानात सुमारे ५०० किलोमीटर वायर. ती काढायची, पुन्हा घालायची, हातानं जुळवायची. विमानाला दीड-दोन वर्षं उशीर झाला. कारण काय, तर जर्मनी आणि स्पेनमधले इंजिनिअर कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचवी. प्रत्येकाच्या स्क्रीनवर वायर व्यवस्थित बसलेली दिसत होती.

हा किस्सा सॉफ्टवेअरची चूक म्हणून सांगितला जातो. मला ते अर्धंच खरं वाटतं. चारही देशांनी एकच आवृत्ती वापरायची, हा निर्णय काही सॉफ्टवेअर घेणार नव्हतं. तो वरच्या माणसांनी घ्यायचा होता आणि तो वेळेवर झाला नाही. दूर बसून एकत्र उत्पादन घडवण्याच्या इतिहासात हा धागा पुन्हा पुन्हा हाती लागतो.

त्याचं एक टोक संगणकाच्याही आधीचं आहे. १९३९ मध्ये कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दहाएक वर्षांच्या मुलांचे छंदगट केले होते. कुठे मोठा माणूस नुसते हुकूम सोडायचा, कुठे मुलांना विचारून काम ठरवायचा, कुठे त्यांना मोकाट सोडायचा. मग तो मुद्दाम खोलीबाहेर जायचा. हुकमी गटातलं काम लगेच ढेपाळायचं. विचारून ठरवणाऱ्या गटातली मुलं मात्र बहुतेक तशीच काम करत राहायची. आज नेता सहसा खोलीबाहेरच असतो, कधी दुसऱ्या इमारतीत, कधी दुसऱ्या खंडात. म्हणूनच हा प्रयोग मला जुना वाटत नाही.

अंतर किती नडतं, हे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या थॉमस अ‍ॅलन यांनी मोजलं. संशोधन आणि विकास विभागांतले इंजिनिअर एकमेकांशी किती बोलतात, ते त्यांनी टेबलांमधल्या अंतराशी ताडून पाहिलं. १९७७ मध्ये मांडलेला त्यांचा आलेख सुरुवातीलाच झपाट्यानं खाली येतो. सुमारे ५० मीटरच्या पलीकडे नियमित बोलणं जवळजवळ उरतच नाही. त्याआधीच, ९ डिसेंबर १९६८ रोजी, संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस, व्हिडिओ कॉल आणि दोघांनी एकाच मजकुरावर काम करणं एकाच बैठकीत दाखवलं होतं. साधन सुचलेलं होतं. ते रोजच्या कामात यायला दशकं गेली.

मोठी झेप बोइंग ७७७ या विमानाची. तोवर कागदी ड्रॉइंग आणि पूर्ण आकाराचं नकली विमान बांधून भाग एकमेकांत घुसतात का ते पाहत. ७७७ चे भाग कॅटियात काढून संगणकातच जोडून पाहिले गेले. पण याच्या इतकंच महत्त्वाचं होतं ते माणसांना बसवणं. डिझाइनवाले, उत्पादनवाले, पुरवठादार आणि विमान कंपन्यांची माणसं मिळून २३८ टीम केल्या. भाग बनवणाऱ्याला तो कागदावर असतानाच 'हा हातानं बसवता येणार नाही' असं म्हणायची जागा मिळाली. १२ जून १९९४ रोजी विमान उडालं. या कामाच्या नेतृत्वात बोइंगचे इंजिनिअर अ‍ॅलन मुलाली होते.

दूर बसलेल्या टीमला संगणकाच्या साधनांतून चालवायचं, याला व्यवस्थापनशास्त्रात नाव सापडायला २००० च्या आसपासचा काळ उजाडला. ब्रूस अ‍ॅव्होलिओ आणि सहकाऱ्यांनी 'ई-लीडरशिप' हा शब्द रूढ केला. २०२० च्या साथीत तर ज्यांना तो शब्दही ठाऊक नव्हता, त्यांनाही एका रात्रीत घरून टीम चालवावी लागली. तेव्हा अनेकांनी लेविनच्या हुकमी गटाचाच मार्ग धरला. ऑनलाइन कोण किती वेळ दिसतो ते मोजायचं आणि त्यालाच देखरेख म्हणायचं.

पुन्हा २००६ कडे येतो. त्याच वर्षी मुलाली फोर्डमध्ये मुख्याधिकारी झाले. दर आठवड्याच्या आढाव्यात प्रत्येकानं आपापलं काम हिरव्या (सगळं ठीक), पिवळ्या (काळजीचं) किंवा लाल (अडलेलं) रंगात दाखवायचं, असा नियम त्यांनी घातला. कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात चालली होती आणि तक्ते मात्र सगळे हिरवे. एके दिवशी फोर्डचे एक वरिष्ठ अधिकारी मार्क फील्ड्स यांनी फोर्ड एज या नव्या गाडीपुढे लाल रंग लावला. दोष सापडल्यामुळे तिचं बाजारात येणं त्यांनी थांबवलं होतं. खोलीत शांतता पसरली. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, यांना मदत कोण करू शकेल? काही जण लगेच पुढे आले. त्यानंतरच्या आठवड्यांत बाकीच्यांच्या तक्त्यांवरही पिवळे आणि लाल रंग दिसू लागले.