सबस्टन्स पी: ‘पी’ पेनचा नव्हे

एप्रिल-मे उजाडला की कोल्हापुरात घरोघरी वर्षाच्या चटणीची घाई. मिरच्यांचे देठ खुडता खुडता बोटांची आग सुरू होते, आणि रात्री हातावर गरम पाणी पडलं की पुन्हा भडकते. मिरचीतलं कॅप्सेसिन कातडीतल्या बारीक मज्जातंतूंना डिवचतं आणि त्यांच्या टोकांतून इतर रसायनांबरोबर सबस्टन्स पी बाहेर पडतं. तंतूचं एक टोक मज्जारज्जूत असतं. तिथे हेच रसायन वेदनेचा निरोप पुढे द्यायला हातभार लावतं. कातडीकडच्या टोकाशी ते रक्तवाहिन्या रुंदावतं, त्यांतून द्रव झिरपू देतं, मास्ट नावाच्या संरक्षक पेशींना हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सोडायला लावतं. जंतूचा पत्ता नसताना नुसत्या नसांनी आणलेली ही सूज.

आता त्या ‘पी’चं. ‘पेन’चा, म्हणजे इंग्रजीतल्या वेदनेचा पी असं सर्रास सांगितलं जातं, अगदी शिकवतानाही. ते चूक आहे. 1931 साली लंडनमध्ये घोड्याच्या मेंदूचा आणि आतड्याचा अर्क काढला गेला. त्याने सशाचा रक्तदाब उतरत होता, आतडं आकसत होतं. अर्क वाळवून केलेल्या पुडीला ‘पी’ म्हटलं गेलं, म्हणजे पावडरचा पी. वेदनेचा विषय तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. तो आला 1953 मध्ये: संवेदना आणणाऱ्या मागच्या मज्जामुळांत हा पदार्थ पुढच्या मुळांपेक्षा बराच जास्त आहे, मग निरोप्या हाच असावा, असा तर्क मांडला गेला. तर्क चांगला होता, पण आधीच चिकटलेल्या अक्षराला आयता अर्थ मिळाला आणि पावडर मागे पडली. माझ्या मते पुढच्या भाबड्या अपेक्षांना या अक्षराचीही थोडी फूस होती.

पुडीत नेमकं काय आहे, हे कळायला 40 वर्षं गेली, तेही आडवाटेने. दुसरंच संप्रेरक शोधताना गुरांच्या मेंदूतला अर्क उंदरांना टोचला, तर त्यांना लाळ सुटली. त्या लाळेचा माग काढत 1971 मध्ये 11 अमिनो आम्लांची साखळी हाती लागली.

मग औषधकंपन्या धावल्या. सबस्टन्स पी पेशीवरच्या ज्या एनके-1 ग्राहीवर (निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर) बसतं तो अडवला की दुखणं थांबेल, असा हिशेब होता. प्राण्यांत जमलं, माणसांत 1990 च्या दशकातल्या चाचण्या फसल्या. वेदनेचा निरोप ग्लुटामेटही नेतं, एक वाट बंद केली तरी दुसरी चालू राहते. त्याच ग्राहीचा मेंदूतल्या उलटीच्या केंद्राशीही संबंध आहे, आणि तिथे मात्र औषध लागू पडलं. 2003 पासून अ‍ॅप्रेपिटंट केमोथेरपीच्या उलट्यांसाठी दिलं जातं. वेदनेवरचं औषध म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर बसतं, तो 1997 मध्ये सापडला. त्यामागच्या कामाला 2021 चं नोबेल मिळालं. उष्णतेनेही तोच ग्राही जागा होतो. गरम पाण्याने बोटं पुन्हा का पेटतात, ते यातून कळतं.