‘बी उगवलंच नाही’ म्हणण्याआधी : घरामागच्या वाडीत भाजी लावणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मृग लागला की दुकानात भाजीच्या बियाण्यांसाठी गर्दी होते, आणि आठ-दहा दिवसांनी त्यातलीच बरीच माणसं रिकामी पुडी हातात घेऊन परत येतात. "सांभार (कोथिंबीर) निघालाच नाही." "पालक चार ठिकाणी दिसतो, बाकी वाफा बोडका." तक्रार जरूर करा, त्यासाठीच दुकान आहे. पण वाफा जाऊन पाहिला की बहुतेक वेळा बी चांगलं निघतं आणि पेरण्यात चूक सापडते. भर हंगामात प्रत्येकाला गल्ल्यापाशी उभं करून हे समजावणं जमत नाही, म्हणून हा कागद पुडीसोबत देतो आहोत. पेरण्याआधी वाचा.

खोल पेरलेलं बी आणि बादलीचं पाणी

आपली काळी माती कसदार आहे, पण बारीक बियांना ती जड जाते. ओली झाली की चिकटते, वाळली की वर कडक पापडी धरते. तुरीचं, मक्याचं टपोरं बी ती पापडी फोडून वर येतं. पालक, चवळाई, कांदा, वांगं यांच्या कोंबात तेवढं बळ नसतं.

होतं असं, की बी फोकून वरून खुरप्यानं माती खालीवर केली जाते. त्यात निम्मं बी दोन-तीन बोटं खाली जातं. मग बादलीनं नाहीतर पाइपनं भडाभडा पाणी सोडायचं. माती बसते, ऊन पडलं की आवळते. दोन दिवस काही दिसलं नाही की पुन्हा पाणी. आता जे बी खाली आहे ते सडतं आणि जे वर यायला निघालं होतं ते पापडीखाली अडकतं. असाच एक वाफा आम्ही उकरून पाहिला. पापडी बोटानं उचलली तर भाकरीच्या पापुद्र्यासारखी अख्खी निघून आली, आणि खालच्या अंगाला पालकाचे पांढरे कोंब आडवे वळून पडलेले होते. बी उगवलं होतं, त्याला वर यायला वाट नव्हती.

झाडीपट्टीकडून, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या भागातून, सून म्हणून आलेल्या काही ताई सांगतात, "माहेरी आम्ही असंच पेरायचो, तिकडं छान उगवायचं." खरं आहे. हलक्या, रेताड जमिनीत ते चालून जातं. इथल्या काळ्या मातीत चालत नाही.

यावर खर्च काही नाही. बी त्याच्या जाडीच्या दुपटीपेक्षा, फार तर तिपटीपेक्षा खाली जाऊ देऊ नका. भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), लवकी (दुधी), ढेमसं यांना बोटाचं अर्धं पेर पुरे. पालक-मेथीला नखभर. चवळाईचं बी तर मूठभर कोरड्या रेतीत मिसळून वाफ्यावर भुरभुरायचं आणि हातानं हलकं दाबायचं, वर माती टाकायचीच नाही. झाकायला वाफ्यातली माती घेऊ नका, चाळलेलं जुनं शेणखत आणि रेती निम्मी-निम्मी घ्या. त्याची पापडी होत नाही.

वाफा जमिनीच्या वर वीतभर उचललेला असू द्या, म्हणजे झडीच्या दिवसांत पाणी साचणार नाही. रुंदी तीन फुटांच्या पुढं नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पाय टाकला की माती पुन्हा दडपली म्हणून समजा.

पाणी झारीनं द्या. झारी विकत घ्यायला लावत नाही, जरी आमच्याकडे ती मिळते. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या दाभणानं सात-आठ बारीक भोकं पाडली की झालं. पेरल्यावर वाफ्यावर कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) पातळ पसरा, सोयाबीनचं असो की तुरीचं. पावसाचा मोठा थेंबसुद्धा माती दडपतो, कुटार तो मार झेलतं आणि ओलही धरून ठेवतं. कोंब दिसायला लागले की संध्याकाळी ते काढून घ्या. काढायला उशीर केला तर रोपं पिवळी, लांबुडकी होतात.

किती दिवस वाट पाहायची

मेथी, मुळा तीन ते पाच दिवसांत दिसतात. भेंडी रात्रभर भिजवून लावली तर पाच-सहा दिवस. पालकाला आठवडा ते दहा दिवस. वांगी-मिरचीला आठ ते पंधरा. सांभार सगळ्यांत जास्त रडवतो, दहा ते पंधरा दिवस घेतो, आणि लोक आठव्याच दिवशी वाफा मोडून मोकळे होतात. धण्याचा एक दाणा म्हणजे आत दोन बिया. चपलेखाली किंवा पाट्यावर हलक्या हातानं रगडून ते दोन भाग वेगळे करा, रात्रभर पाण्यात ठेवा, मग पेरा. अख्खे धणे पेरले तर उगवण मागंपुढं होते. कारल्याचं टरफल जाड असतं. टोकाला नेलकटरनं किंचित चीर द्या आणि दिवसभर भिजवा.

बियाण्यावर शंका असेल तर

घरीच तपासता येतं. पुडीतल्या २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. वर सांगितलेले दिवस झाल्यावर मोजा. १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के. वांगी, टमाटर, कांदा, मेथी यांच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, भेंडीला ६५, मिरची, पालक, लवकी, कारल्याला ६०. म्हणजे शंभरातले तीस-चाळीस दाणे न उगवणं हे नियमात बसतं, त्याला भेसळ म्हणता येत नाही. फडक्यात यापेक्षा कमी उगवलं आणि पुडीवरची मुदत संपलेली नसेल, तर ते फडकं तसंच घेऊन या. दुसरी पुडी देऊ, वाद घालणार नाही. नुसती फोडलेली पुडी मात्र परत घेत नाही, कारण ती कुठं आणि कशी ठेवली होती हे आम्हाला कळायला मार्ग नसतो.

गुलाबी किंवा लाल दिसणाऱ्या बियांना बुरशीनाशक लावलेलं असतं. हात धुवा, लेकरांपासून दूर ठेवा, आणि ते फडकं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

"पाच रुपयांचं सुटं द्या ना" असं रोज कोणी ना कोणी म्हणतं. आम्ही देत नाही. पुडीवर वाणाचं नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवणीची टक्केवारी आणि मुदत छापलेली असते. सुटं दिलं की हे सगळं गेलं, उद्या तुम्ही कशाच्या जोरावर आम्हाला जाब विचारणार? त्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून एक पुडी घ्या. भेंडीच्या १० ग्रॅममध्ये दीडशेच्या आसपास दाणे असतात, एका घराला पंचवीस-तीस झाडं पुष्कळ झाली. बचत गटाच्या बायका आमच्याकडून असंच नेतात. आमची विक्री त्यानं कमी होते, पण वाया गेलेल्या बियाण्याचा राग शेवटी दुकानावरच निघतो.

पालक, मेथी, सांभार एकदम पेरू नका. वाफ्याचे तीन भाग करून पंधरा-पंधरा दिवसांनी पेरा, म्हणजे आठवडी बाजारात भाजीचे पैसे सतत वाचतात. एकाच वेळी ढीगभर मेथी निघून ती गाईला घालण्यात काय अर्थ आहे? उरलेलं बी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवा. कांद्याचं बी पुढच्या वर्षावर ठेवू नका, त्याची उगवण झपाट्यानं घटते.

रोपं घ्यावीत की बी

वांगी, मिरची, टमाटर यांची आमची शिफारस स्पष्ट आहे : घरापुरती हवी असतील तर रोपं न्या. बीपासून लावणीजोगं रोप व्हायला महिना-दीड महिना लागतो, आणि झडीत ओल जास्त झाली की बुरशीनं रोपं बुडाशी कोलमडतात. पाच माणसांच्या घराला वांग्याची सहा-सात आणि मिरचीची दहा झाडं चांगली पुरतात, त्यासाठी अख्खी पुडी कशाला? मोजून दहा रोपंही देतो. उन्हं कलल्यावर लावा आणि लगेच पाणी द्या. उलट भेंडी, बरबटी, पालेभाज्यांची रोपं मागू नका. त्या जागेवरच पेरायच्या.

घरचं बी धरायचं असेल तर खरेदीच्या वेळीच सांगा, आम्ही संकरित न देता सुधारित वाण देऊ. भेंडीत परभणी क्रांती, पालकात ऑल ग्रीन, मेथीत पुसा अर्ली बंचिंग. संकरित टमाटराचं बी धरलं तर पुढच्या वर्षी एका झाडाचं फळ दुसऱ्यासारखं येत नाही. लवकी, दोडकं, कारलं यांच्यात मधमाश्यांमुळं शेजारच्या वेलाशी संकर होतो. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या : लवकी चिरताना तुकडा जिभेला लावून पाहा, कडू लागली तर ती फेकून द्या. शिजवून कडवटपणा जात नाही आणि त्यानं माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

खतासाठी पैसे घालवू नका, घरी ढोरं असतील तर मुळीच नको. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं हवं. कच्च्या शेणानं हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उधई (वाळवी) वाफ्यात येते. ज्यांच्याकडे ढोरं नाहीत त्यांच्यासाठी गांडूळखत पाच किलोच्या थैलीत ठेवलं आहे. वेलांच्या मांडवाला बांबू विकत घेऊ नका, पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) आपल्याकडे हव्या तेवढ्या आहेत.

वांगी-मिरचीची रोपं मृगापासून पोळ्यापर्यंत मिळतील. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर चांगली रोपं उरत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी निरोप देऊन ठेवा. येताना टोपलं आणि ओलं पोतं आणा. वाफ्याबद्दल काही विचारायचं असेल तर त्यातलं मूठभर माती-ढेकूळ कागदात बांधून आणा, पाहून सांगतो.